लाल गाडीखालचा बर्फ

सुरुची,

चहा थर्मासमध्ये आहे. कोरोनाचा रात्रीचा कर्फ्यू संपल्या संपल्या घराखाली आलोय, कारण तुझ्यासमोर बसून हे सांगायची माझी हिंमत नाही.

बर्फातल्या तुझ्या कामासाठी ती लाल स्नोमोबाइल घेऊ नकोस. नॉर्वेतल्या त्या विकणाऱ्याला अजून होकार कळवू नकोस. काल व्हिडिओ कॉलवर एका झटक्यात इंजिन सुरू झालं ना, ते त्याने आधीच तापवून ठेवलं होतं; गार असताना सुरू होत नसणार, तेच लपवायला. सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ वितळून काळा पडला होता. मला तेव्हाच दिसलं. कोल्हापुरात जन्मभर गॅरेज चालवलंय मी! पण म्हटलं, पीएचडीवाल्या भाचीची जरा फिरकी घेऊ, जेवताना सांगून हसू. म्हणून वर "लालच घे गं, एक नंबर आवाज आहे" असं ठोकून दिलं.

आणि जेवताना तू आईला फोनवर म्हणालीस, "मामाने बघितलीय गं, आता डोंगरात एकटी गेले तरी काळजी नाही." मी ताट उचलून घासायला गेलो.

त्याने दाखवलेल्या दुसऱ्या, पिवळ्या गाडीला मी दमेकरी म्हातारी म्हणून खिदळलो. ती खोकत खोकत सुरू झाली, कारण खरंच गार होती. नंतर बघ कशी एकसारखी चालली. तीच घे. पण आज पुन्हा सुरू करून दाखवायला लाव, आणि त्याआधी सायलेन्सरवर मूठभर बर्फ ठेवायला सांग. वितळला, तर तीही नको.

आधी त्याला फोन कर, मग मला शिव्या घाल. कालव्याजवळच्या बाकावर बसलोय. तू हाक मारल्याशिवाय वर येणार नाही.

मामा