मास्तरांचे उरलेले चौदा दिवस

४ मार्च, सोमवार
आज रुजू झालो. बावीस वर्षं ट्रक चालवला, आता शिकवायचा. गुडघ्याने क्लच दाबायला साफ नकार दिला म्हणून हे पद मिळालं, असं बायकोला फोनवर म्हणालो. ती म्हणाली, गुडघ्याचे उपकार माना, निदान आता तुम्ही रोज कुठे आहात ते तरी कळेल. ही वही मुलीने दिली आहे. तिचा हुकूम आहे की रोज लिहायचं, एक ओळ का होईना.

जागा छान आहे. दगडाची खाण वर डोंगरमाथ्यावर, ऑफिस आणि वजनकाटा खाली पायथ्याशी, मधे दोन किलोमीटरचा उतार आणि तीन वळणं. माझी खोली ऑफिसच्या वर. खिडकीतून सरावाचं मैदान दिसतं : तेलाच्या रिकाम्या पिंपांची रांग आणि सरावाचा ट्रक. ट्रक म्हातारा आहे, पण इंजिनाचा आवाज गोड.

खाणीच्या साहेबांनी छापील तक्ता दिला. अठरा दिवसांचं प्रशिक्षण, रोजचा धडा, रोजचा चौकोन, खाली माझी सही. रिव्हर्सला दोन दिवस, आरशांना दोन, शेवटचे चार दिवस नुसता उतार. मला हसूच आलं. आम्हाला कुठला तक्ता? माझ्या उस्तादाने मला चार शिव्या आणि एक पाना दिला. झालं शिक्षण.

५ मार्च, मंगळवार
पहिली तुकडी तिघांची. दोघांनी आधी टेम्पो चालवलेला. तिसरे शिंपी. वय पंचेचाळीस, बुटके, दाढी घोटलेली. तयार कपड्यांपुढे दुकान टिकलं नाही, म्हणून या वयात स्टिअरिंग धरायला आले आहेत. त्यांना सगळे मास्तर म्हणतात आणि मलाही मास्तर म्हणायला लागले. एका केबिनमध्ये दोन मास्तर, गोंधळच. शेवटी ते म्हणाले, तुम्ही सर व्हा, मला मास्तरच राहू द्या, नवीन नावाला ओ द्यायची सवय नाही.

पाय पोचत नाहीत म्हणून सीट पार पुढे ओढतात आणि खाली जाड गादी घेतात, स्वतः शिवलेली. खिशात निळा खडू असतोच. ट्रकच्या बॉनेटवर खूण करून ठेवली, पुढचं टोक कुठे संपतं ते कळावं म्हणून. बावीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

प्रश्न मात्र फार. जेवतानासुद्धा.

७ मार्च, गुरुवार
साहेबांनी बोलावलं. वर माल पडून आहे, ट्रक उभे आहेत, चालवायला माणसं नाहीत. म्हणाले, उस्ताद, पोहणं काठावर बसून येतं का? पाण्यात ढकलायचं, हातपाय मारतात आपोआप. उद्या तिघांनाही खेपा करायला मोकळं करा. मी तक्ता दाखवला. ते म्हणाले, तक्ता कागदासाठी असतो, तो कागदावर पूर्ण करा.

मला पटलं, असं इथे लिहायला हवं. खोटं कशाला लिहू. मला मनापासून पटलं.

८ मार्च, शुक्रवार
सकाळी तिघांना एकेकदा उतारावरून आणलं. मास्तरांनी विचारलं, उतरताना गिअर कोणता ठेवायचा? मी लिव्हर धरून न्यूट्रलमध्ये टाकला आणि म्हणालो, हा. गाडी आपली आपण जाते, डिझेल वाचतं, आपण फक्त ब्रेकवर पाय ठेवून बसायचं. त्यांनी विचारलं, भरलेली असली तरी? मी म्हणालो, मास्तर, मी बावीस वर्षं असाच उतरलो, मेलो का?

सगळे हसले. ते पण हसले आणि वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी तिन्ही तक्ते पुढे घेतले. पाच ते अठरा, एकेका चौकोनात ‘झाले’ लिहिलं. हात दुखला. सह्या केल्या.

१५ मार्च, शुक्रवार
मास्तरांचं बस्तान बसलं. दिवसाला चार खेपा. खिडकीखालून जाताना हॉर्न देतात. नवी तुकडी आली, तिलाही चार दिवसच.

२० मार्च, बुधवार
सकाळी साडेअकराला मोठा आवाज झाला. मला वाटलं, वर सुरुंग. मग लोक पळताना दिसले.

मास्तरांचा ट्रक. भरलेला. तिसऱ्या वळणाच्या आधीच चाकांतून धूर निघत होता, असं पाहणारे सांगतात. वजनकाट्याची खोली उरली नाही. आत पावत्या फाडणाऱ्या बाई होत्या, त्यांचा एक पाय गेला. मास्तर जागेवरच गेले.

मी केबिनमध्ये डोकावलो. कोणी सांगितलं नव्हतं, तरी डोकावलो. लिव्हर न्यूट्रलला होती.

२२ मार्च, शुक्रवार
चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. साहेबांनी तक्ता पुढे केला. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, अठरा दिवस पूर्ण झाले होते? ब्रेक तापू नयेत म्हणून उतरताना इंजिनाचा जोर वापरायला शिकवलं होतं? ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे सांगितलं होतं?

मी म्हणालो, हो. सही माझीच आहे.

अहवालात लिहिलं : चालकाचा निष्काळजीपणा. अधिकाऱ्यांनी जाताना माझा हात हातात घेतला, म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

२५ मार्च, सोमवार
मास्तरांची बायको सामान न्यायला आली. मी गादी झटकून दिली. तिने पिशवीतून त्यांची वही काढली. प्रत्येक पान आधीच आखून ठेवलेलं, कापड बेतावं तसं. वर क्रमांक : दिवस पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. चारही पानं गच्च भरलेली. पुढे दिवस पाचवा. कोरं. सहावा. कोरं. अठरापर्यंत कोरी पानं.

तिने विचारलं, "भाऊ, पाचव्या दिवसापासून यांनी काहीच का नाही लिहिलं?"

मी म्हणालो, "कंटाळले असतील, वहिनी."

तिने कोऱ्या पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "कंटाळणारा माणूस नव्हता तो. एका बटणासाठी सगळा सदरा उसवायचे."

भांडली असती तर बरं झालं असतं. वही पिशवीत टाकली आणि गेली.

२६ मार्च, मंगळवार
सरावाचा ट्रक काल मी नाक भिंतीकडे करून उभा केला होता. आज सकाळी तो दोन पिंपांच्या मधोमध रिव्हर्समध्ये लावलेला होता. दोन्ही बाजूंना वीतभर जागा, पिंपाला खरचटलेलंसुद्धा नाही. किल्ली रात्रभर माझ्या उशाखाली.

सीट पार पुढे ओढलेली.

गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, इतकी नीट गाडी इथे लावतं कोण?

दुपारी शिकाऊ चालक सह्या करतात तो हजेरीपट उघडला. मास्तरांच्या नावापुढे पाचव्या दिवसाच्या चौकोनात सही आहे. सुवाच्य. निळ्या खडूने.

तक्त्यावर पाचवा दिवस म्हणजे रिव्हर्स.

२७ मार्च, बुधवार
पुन्हा रिव्हर्स. पुन्हा सही. कोणाची तरी क्रूर चेष्टा असणार. हजेरीपट कपाटात घालून कुलूप लावलं.

२८ मार्च, गुरुवार
कुलूप तसंच. आत सातवी सही.

३० मार्च, शनिवार
काल आणि आज आरशांचा धडा. भर दुपारी, लख्ख ऊन. मी केबिनमध्ये शेजारच्या सीटवर बसलो होतो, मुद्दाम, काय होतं ते बघायला. पलीकडचा आरसा आपोआप फिरला. हळूहळू, थोडा वर, थोडा खाली, माणूस स्वतःला नीट दिसेपर्यंत लावतो तसा. मग थांबला.

आरशात मास्तर. रागावलेले नाहीत. शाळेतला पोरगा फळ्याकडे बघतो तसे माझ्याकडे बघत होते. शिकायला आलेले.

रागावले असते तर मी पळालो असतो.

१ एप्रिल, सोमवार
बायकोला फोन केला. तिने विचारलं, आवाज असा का? म्हणालो, धूळ. सगळं सांगावंसं वाटलं. पण मग सहीपासून सांगावं लागलं असतं.

३ एप्रिल, बुधवार
बारावा दिवस. आता ते बोलतात. प्रश्न विचारतात आणि थांबतात. "सर, भरलेली गाडी थांबायला किती अंतर लागतं?" मला उत्तर येत नाही. बावीस वर्षं चालवून येत नाही. मलाही कोणी शिकवलं नव्हतं. पण हे तरी त्यांना कसं सांगू, मेलेल्या माणसाला, की मी अंदाजाने —

४ एप्रिल, गुरुवार
नवे पाचजण आले. ठरवलं, यांना नीट शिकवायचं. उतारावर नेलं, सांगितलं, माथ्यावरच गाडी खालच्या गिअरमध्ये घ्या. आणि सांगता सांगता माझ्याच हाताने लिव्हर न्यूट्रलला ढकलली. मी ढकलली नाही. हाताने ढकलली. पाचहीजण बघत होते. एकाने मान डोलावली, कळल्यासारखी.

तीनदा झालं.

६ एप्रिल, शनिवार
पंधरावा दिवस. उताराचा पहिला. केबिनमध्ये जळक्या ब्रेकचा वास येतो. गाडी मैदानात उभी असते, इंजिन बंद, तरी येतो. मिस्त्रीला येत नाही. अंगाला लागलाय. अंघोळीनेही —

८ एप्रिल, सोमवार
साहेब म्हणाले, चार दिवस झाले. मी म्हणालो, अठरा. ते म्हणाले, मग मागच्या वेळी खोटं बोललात असं मी चौकशीवाल्यांना कळवू का? नोकरी जाईल ती जाईल, वर तुरुंग.

तक्ते खोलीवर आणले.

९ एप्रिल, मंगळवार
सह्या केल्या.

पाचही.

मास्तर दारात उभे होते. मग टेबलाशी आले. प्रत्येक सहीनंतर पुढचा तक्ता नीट सरळ करून माझ्यासमोर —

१० एप्रिल, बुधवार
अठरावी सही पहाटेच झालेली. आज त्या पाचजणांची पहिली खेप.

नाही. आता नाही.

सरावाचा ट्रक वर आणला. गुडघा ओरडत होता. माथ्यावर वळवून, तोंड खाली करून, उताराच्या तोंडाशीच उभा केलाय. रस्ता अरुंद. मी हललो नाही तर एकही भरलेली गाडी खाली जाणार नाही. मागे सरावाचे दगड आहेत, वजन चांगलं आहे. हँडब्रेक लावला.

साहेबांना फोन केला. म्हणालो, चौकशीवाल्यांना बोलवा, मी खरं सांगणार. त्यांनी शिव्या दिल्या. पाचहीजणांना जीपमध्ये घालून वर येताहेत, मला खाली ओढायला.

तोवर लिहून ठेवतो, म्हणून शेजारच्या सीटवर सरकलोय. मास्तरांना चारच दिवस शिकवलं. तक्ता खोटा. न्यूट्रल मी शिकवलं. दोष त्यांचा नाही. काट्यावरच्या बाईंचा पाय माझ्यामुळे गेला. वहिनींना हे पान कोणीतरी वाचून दाखवा. ते कंटाळले नव्हते.

लिहिलं. इतकं सोपं होतं. तेव्हाच —

जीपचा आवाज. खालच्या वळणावर आहे.

ड्रायव्हरची सीट पुढे सरकली.

बसले.

फुस्स — हँडब्रेकची हवा सुटली. मी हात लावलेला नाही. मास्तर, थांबा. आत्ता नको, खालून माणसं —

ऐकू येत नाही त्यांना. धडा आहे ना आज. शेवटचा.

चाकं हलली. माझ्या बाजूचं दार उघडं आहे, उडी मारता येईल. जीपमध्ये सहाजण आहेत.

विचारताहेत. "सर, उतरताना गिअर कोणता?"

दुसरा, मास्तर. दुसरा. आत्ताच, वेग यायच्या आत. क्लच दाबा, पूर्ण दाबा, मी लिव्हर धरतो — न्यूट्रल नाही — माझा हात ऐकत नाही, तुम्ही वरून धरा, घट्ट, दाबा, मास्तर, दु