घरात मराठी बंद

धाकटे,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. मी सुखरूप आहे. पाय जरा सुजलाय, पण तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तुझा गुडघा काय म्हणतो?

माझी नात एम.ए.ला म्हातारी माणसं परकी भाषा कशी शिकतात त्याचा अभ्यास करते. तिला घरातलीच म्हातारी सापडली! मी इथं परदेशात तिच्या घरी आले, त्या दिवशीच म्हणाली, "आजी, आजपासून मराठी बंद. सरांनी सांगितलंय." त्या सराला आजी नसेल, म्हणून असलं सुचतं. मीठसुद्धा इथल्या भाषेत मागायचं. मी अळणी गिळते, पण मागत नाही.

परवा न्हाणीत घसरले. कळवळून तोंडातून इथल्या भाषेतलं अख्खं वाक्य निघालं, तर कार्टी टाळ्या वाजवायला लागली! मी फरशीवर, पाय टम्म, आणि हिला आनंदाच्या उकळ्या.

तेव्हापासून मी तोंडच शिवलंय. कर म्हणावं आता अभ्यास.

आज सकाळी माझा पाय शेकायला बसली. खाली मान घालून म्हणाली, "आजी, चुकलं गं. बोल ना. शिव्या दे हवं तर." चक्क मराठीत.

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बोलू दे की अजून थोडं.

तुझी,
ताई