बिनशिक्क्याचं वजन

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (प्रत्यक्ष ठेवायला आलो असतो तर तू पाय वर घेऊन बसला असतास, म्हणून कागदावर ठेवतो आहे.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. माझी कंबर तिच्या जागी आहे, हिचा खोकला गेला, स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला (त्याबद्दल पुढे येईलच). तुझी तब्येत कशी आहे हे विचारणार नाही, कारण तू ‘ठणठणीत’ असं सांगशील आणि मला ते खरं धरून चालावं लागेल. वहिनीचे गुडघे कसे आहेत ते मात्र कळव. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला पोस्टाने पत्र पाठवतो म्हणून पोस्टमन माझ्याकडे विचित्र नजरेने बघेल, तर बघू दे. फोनवर ‘मासा’ एवढा शब्द काढला की तू फोन ठेवतोस. पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. उघडून अर्धवट ठेवलेलं घड्याळ तुला जन्मात कधी बघवलं नाही, तसं अर्धवट वाचलेलं पत्रही बघवणार नाही.

तर मुद्द्याचं. खाणीच्या तळ्यावर गळाला वजन म्हणून लावायचं शिसं बंद झाल्याची पाटी लागली, तेव्हापासून तू काठावर पाऊल ठेवलेलं नाहीस, त्याला आज अठरा रविवार झाले. बदकं शिशाच्या गोळ्या गिळतात आणि मरतात, हे तळ्याच्या मंडळाचं म्हणणं मला पटतं. शिसं नाही तर मासेही नाहीत, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. पाटी वाचून सगळे कुरकुरत होते, आणि चाळीस वर्षं शिशावर मासे धरलेला तू एकटा ‘बरं झालं’ म्हणालास नि काठ्या आवरायला लागलास. त्याच्या आदल्या रविवारी पकडीने दोरीवर गोळ्या दाबताना तुझ्या हातून चार-पाच गवतात पडल्या होत्या. मी तेव्हा पलीकडची बदकं बघत होतो, त्यामुळे मला त्यातलं काहीही दिसलेलं नाही. डोळ्यांना झेपत नाही म्हणून तू घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलंस, तेही मी मुकाट्याने मान्य केलं आहे (वर्तमानपत्रातली बारीकात बारीक जाहिरात तू चष्म्याशिवाय वाचतोस, हा भाग सोडून देऊ). पण मुकादमाचं काय? अकरा वर्षं तो कार्प मासा आपल्या नाकासमोरून, हाताखालच्या लोकांची हजेरी घेत फिरावं तसा, काठाकाठाने फिरतो आहे, आणि त्याला एकदा तरी हातात धरल्याशिवाय आपण दोघांपैकी कोणीही मरायचं नाही, असं तूच ठरवलं होतंस. मी माझ्या बाजूने शब्द पाळतो आहे. म्हणून ठरवलं की शिशाशिवाय त्याला काठावर आणून दाखवायचं, म्हणजे तुझ्याकडे सबब म्हणून उरणार नाही.

गळ-काठ्या विकणाऱ्या दुकानदाराकडे गेलो (तोच, जो स्वतः मासे खात नाही आणि हे प्रत्येकाला सांगतो). त्याने एक चपटी डबी दिली. आत काळपट हिरवं, सुतार खिडकीच्या काचेला लावतो तसलं लुकण, करंगळीच्या पेराएवढं, पण हातावर घेतलं तर वाटलं, खिळा घेतला की काय. त्याला म्हणतात टंगस्टनची पुट्टी. बल्बमध्ये जी तार पेटते त्या धातूची भुकटी, मेणचट कशात तरी मळलेली. चिमूटभर घ्यायची, हाताच्या उबेवर मळून मऊ करायची, गळाच्या वर दोरीवर बसवायची. गार पाण्यात ती घट्ट होते. काम झालं की ओरबाडून परत डबीत. शिशासारखी जड, बदकांना अपाय नाही, आणि पकड लागत नाही. (शेवटचे तीन शब्द परत वाच.)

डबीवर पंधरा ग्रॅम लिहिलं होतं. एकतीस वर्षं लोकांची वजनमापं तपासण्यात गेली, ती खोड जात नाही. घरी येऊन निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेल्या नाजूक काट्यावर टाकली, तर पंधरा पूर्णांक दोन. एकतीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकलेला हा पहिला माल.  मग मात्र जीव घाबरा झाला. आयुष्यभर मी वजन हातात आलं की आधी उलटं करून बुडाचा शिक्का बघितला, आणि हे वजन असं की नखाने काढलं की कमी, बोटाने लावलं की जास्त. याच्यावर शिक्का मारायचा कसा? (मारून बघितला. शिक्का आत रुतला तो टाचणीने कोरून काढावा लागला.) शेवटी मी अर्ध्या अर्ध्या ग्रॅमच्या तीस गोळ्या वळल्या, ताटात पाच ओळींत मांडल्या, आणि आरशासमोर जाऊन दाढी करून आलो. तेवढ्यात हिला ताट हवं होतं. हिने तिसांचा एका मुठीत एक गोळा केला, फळीवर ठेवला आणि ताट घासून घेतलं. सकाळपासूनचं काम पाव मिनिटात निकालात. मी गोळा परत वजन केला तर तेरा पूर्णांक नऊ. सव्वा ग्रॅमच्या वर माल गायब, आणि त्याच दुपारी स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. मी चौकशी केली. हिचं म्हणणं, नळ आपोआप बरा झाला. नळाच्या मानेभोवती काळपट हिरवं काय आहे, यावर हिने मला कपडे वाळत घालायला पाठवलं. (आमच्याकडे हल्ली रोज दोनदा कपडे धुतले जातात. माझे सदरे विटले. कारण विचारू नकोस.)

पहिल्या रविवारी तळ्यावर गेलो तेव्हा इतका गारठा होता की पुट्टीचा दगड झाला होता. मळू म्हटलं तर माझे हात तिच्याहून गार. फुंकर घातली, चहाच्या थर्मासला टेकवून धरली, शेवटी सदऱ्याची दोन बटणं सोडली आणि गोळा काखेत धरून बसलो. अशा अवस्थेत शिट्टीवाला आला. तुला तो आठवतो, तळ्याचा राखणदार, ज्याला शिट्टी मिळाल्यापासून बोलायचा कंटाळा आला आहे. त्याने शिट्टी फुंकली, काखेकडे बोट दाखवलं, मी ऐवज बाहेर काढला. जड, काळपट, गोळा. त्याच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी चांगला ओळखतो, दादा, कारण एकतीस वर्षं तो माझ्या चेहऱ्यावर होता. मी सांगितलं की हे शिसं नाही, शिसं असं हाताने मळता येत नाही. तो म्हणाला, “मग मळून दाखवा.” मी दोन्ही अंगठे लावून जोर केला, दात खाल्ले, गोळा ढिम्म. मी डबी दाखवली. तो म्हणाला की डबीत काय, काहीही भरता येतं. (अगदी हेच वाक्य मी किती दुकानदारांना ऐकवलं असेल! त्या सगळ्यांची मी त्या घटकेला मनातल्या मनात माफी मागितली, दोघं सोडून. ते दोघं खरंच लबाड होते.) त्याने माल जप्त केला, पँटच्या खिशात टाकला आणि बदकांकडे निघून गेला. मी हललो नाही. माल परत घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून बिनवजनाचा गळ पाण्यात टाकून बसलो. अर्ध्या तासाने शिट्टीवाला आला तो एक हात खिशात घालून, आणि तो हात बाहेर येत नव्हता. त्याच्या खिशाच्या उबेने जे माझ्या काखेला जमलं नाही ते केलं होतं. किल्ल्या, रुमाल, दोन नाणी आणि शिट्टीची दोरी असा सगळा संसार पुट्टीत एकजीव झाला होता. शिट्टी त्या संसारात अडकल्यामुळे बिचाऱ्याला तोंडाने बोलावं लागलं. “हे शिसं नाही,” तो म्हणाला. तासभर आम्ही दोघं शेजारी बसून किल्ल्यांचे दात साफ करत होतो. चांगला माणूस आहे. तुझी आठवण काढत होता.

पुढचे दोन आठवडे घरात पाण्याचं एकही भांडं रिकामं नव्हतं. खुबी अशी आहे की मुकादम चिखलात जड पडलेलं आमिष तोंडात घेतो आणि लगेच थुंकतो. तेव्हा आमिष तरंगणारं हवं आणि त्याच्याखाली पुट्टी इतकीच हवी की ते सावकाश, मनात नसल्यासारखं खाली जाईल. हिच्या फुलदाणीत मी रोज मोजत होतो. पाच मोजेपर्यंत बुडाला टेकलं तर बरोबर. तीन झाले तर थोडी काढ, आठ झाले तर थोडी लाव. आणि कधीतरी एका सकाळी माझ्या लक्षात आलं की काटा कपाटात आहे, तो बाहेर काढायचा मी विसरलो आहे, आणि तरी पाच मोजेपर्यंत बरोबर टेकतं आहे. मला आधी लाज वाटली आणि मग फार बरं वाटलं.

गेल्या रविवारी मुकादम आला. सकाळची साडेसात, पाणी स्तब्ध. आधी त्याची ती पाठ दिसली, पालथ्या घातलेल्या परातीसारखी. आमिषाशी थांबला. दोरी चारेक बोटं सरकली. दादा, अशा वेळी चाळीस वर्षं माझ्या उजव्या कानाशी एक आवाज येतो, “थांब.” मी चिडतो, आणि थांबतो. परवा तो आवाज आला नाही. मी शेजारी बघितलं, तुझी रिकामी जागा बघितली, आणि हिसका मारला. गळ सुटा वर आला. आमिष गेलं, मुकादम गेला, पुट्टी मात्र मी बसवली तिथेच चिकटून होती. तिचं काम तिने चोख केलं. चूक माझी, आणि खरं सांगायचं तर तुझी. मी सोडणार नाही, हे तुला माहीत आहे. पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा, पण घाई करायची माझी खोड या वयात जाणार नाही, आणि थांब म्हणणारा दुसरा भाऊ मला नाही. तुझ्यावाचून तळ्यावर करमत नाही, हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे वेगळं बोलायला नको.

वहिनीला नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो चिकटून राहण्यासाठी थोडी ऊब द्यावी.

तुझा,
धाकटा

ता. क. १ – रविवारी सकाळी सहाला तुझ्या दारात उभा राहीन. पकड आणू नकोस. घडीची खुर्ची आण, माझ्याकडची मोडली.

ता. क. २ – नाही आलास तर मी दारातच बसेन आणि शिट्टीवाल्याला बरोबर आणीन. त्याची शिट्टी आता पूर्ववत वाजते.

ता. क. ३ – भाऊजी, मी लिहिते आहे, हे पाकिटावर पत्ता घालायला चष्मा शोधतायत. तुमचे हात थरथरतात हे आम्हाला कधीपासून ठाऊक आहे. आम्हाला ठाऊक आहे हे तुम्हाला कळू नये, म्हणून यांनी इतकी पानं भरली. तीन आठवडे हे रोज सकाळ-संध्याकाळ मशीनमध्ये कपडे टाकतात, मशीन पिळायला लागलं की वर चढून बसतात, आणि हात लटलटत असताना ती पुट्टी दोरीवर बसवतात. पहिल्या दिवशी सगळी माझ्या केसांत आली. आता चाळीस मोजेपर्यंत बसते, आणि तिथून हलत नाही. थरथरत्या हाताला जमतं, भाऊजी. मी डोळ्यांनी बघितलं आहे. या रविवारी जा.

ता. क. ४ – हिने वर काय लिहिलं आहे ते मी वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही. आमचं मशीन पिळताना जागेवरून सरकतं, म्हणून मी त्याच्यावर बसतो.