दोनशे बारा जहाजांची व्यवस्था

मी, आकाराम जोतिबा सपकाळ, वय वर्षे सहासष्ट, धंदा पुस्तकबांधणी, राहणार सातारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि मनात भरपूर राग ठेवून लिहीत आहे. रागामुळे बुद्धी फिरली असे कोणी कोर्टात म्हणू नये. रागातही माझ्या हाताने अजून एकदाही वाकडे कापलेले नाही.

१. माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. वडिलांकडून मला एक घोंगडी मिळाली, ती फाटली. तेव्हा वडिलार्जित म्हणून कोणी हक्क सांगू नये.

२. गेल्या भाद्रपदात मला हिवताप झाला आणि औषधाने कान गेले. पंधरा दिवसांनी ते परत आले. त्या वेळी मुलगा बाळासो व मेहुणा हंबीरराव माझ्या खाटेवर बसून माझ्याच मिळकतीबद्दल बोलत होते. इतके मोकळे बोलणे या घरात बरीच वर्षे झाले नव्हते. ते मोडावेसे वाटेना. म्हणून कान परत आल्याचे मी कोणास सांगितले नाही.

३. माझ्याकडे आज धड उरलेली विलायती समुद्रकथांची दोनशे बारा पुस्तके आहेत. सगळी व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत छापलेली, कापडी पुठ्ठ्यांवर सोनेरी ठशाची जहाजे. महाबळेश्वर-पाचगणीचे बंगले रिकामे होताना लोक लिलावात कपाटे आणि घड्याळे घेत, मी ही पुस्तके घेई. पुस्तक मी कानाशी धरून उघडतो. पाठ करकरली की समजावे, चिकटवणीचा सरस वाळला. समुद्र मात्र पाहिलेला नाही. रत्नागिरीस जायचे दोनदा ठरले, दोनदा धंदा आडवा आला.

पहिली सात पुस्तके मीच जिवे मारली. कडा खरबरीत दिसल्या म्हणून कातरल्या, जुने पुठ्ठे फेकून खारव्याच्या जाड लाल कापडात हिशेबाच्या चोपडीसारखी बांधली आणि मोठ्या ऐटीत एका म्हाताऱ्या इंजिनियर साहेबास दाखवली. त्याने एक पुस्तक उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "सपकाळ, हात चांगला आहे. पण जिवंत माणसाला कफन शिवलंत." त्यानंतर मी त्या पुस्तकांना सुरी लावली नाही.

४. ही गोष्ट बाळासोने शंभरदा ऐकली आहे. तरी त्याने माझ्या आजारपणात आणखी अकरा पुस्तके आमच्या सांगलीच्या दुकानी नेली, पुठ्ठे सोलून दर्शनी भिंतीवर ठोकले आणि वर पाटी लावली, 'आमच्या हातची कारागिरी'. पोटातली पाने बाजारातल्या हळदीला पुड्या बांधायला गेली. पुढचे मी खाटेवरून ऐकले.

"आनि ऱ्हायल्याली रं?" हंबीरराव.

"म्हातारा गेला की समदी सोलायची, मामा. भित भरंल."

"दाजीस्नी इचारलंस?"

"भिताडाला इचारू व्हय?"

भिताडाने ऐकले. उत्तर खाली देत आहे.

५. सांगलीचे दुकान, कातरयंत्र व दाबयंत्रे बाळासोस. चोपड्या तो उत्तम बांधतो, हे मी नाकारत नाही. अट एक. ती पाटी काढून तेथे 'कारागिरी विलायतेची, नासाडी आमची' अशी पाटी मोठ्या अक्षरात लावावी. ती ज्या दिवशी उतरेल त्या दिवशी दुकान मी जेथे शिकलो त्या पलूसच्या शाळेचे होईल. हंबीररावास माझी खाट. तीन महिने तो तिच्यावर बसला आहे, सवय मोडू नये.

६. बाळासोची बायको पद्मा फलटणची, इंग्रजी सहा यत्ता शिकलेली. ती रोज दुपारी एक पुस्तक घेऊन माझ्यापाशी बसे, इंग्रजी वाची आणि मराठीत सांगे. शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, "आगं, बहिऱ्याफुडं घसा कशाला कोरडा करतीस?"

"पानं उलटल्याली दिसत्यात की त्यास्नी, काकी."

एकदा गलबत खडकावर आदळण्याच्या बेतात होते, तेवढ्यात हंबीरराव आत आला. तिने पुस्तक मिटले आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "उद्या सांगते, तात्या." बहिऱ्याशी कोणी हळू बोलत नाही. तिने माझे सोंग ओळखले होते आणि नवऱ्यास सांगितले नव्हते. सबब दोनशे बाराही पुस्तके पद्माची.

७. काल तिला बोलावून हे सांगितले. वाटले होते, हरखेल.

"तात्या, माझ्या नावावर नगासा करू."

"का गं? नगं झाली व्हय?"

"नगं कशी? पर घर त्यांचं असल्यावर माझं कपाट किती दिस ऱ्हाईल?"

मी हा कागद पुन्हा पुढ्यात ओढला. जन्मभर कागदाच्या कडा बघितल्या आणि ही कड सुटली. तोवर वरच्या पाचव्या कलमात साताऱ्याचे घर मी बाळासोच्या नावे लिहिले होते. ते खोडले आहे. खाडाखोडीवर माझी व साक्षीदारांची सही आहे. घर पद्माचे. हयातीपुरते नव्हे, विकण्या-देण्याच्या पूर्ण हक्कासह. बाळासोने येथे राहावे, जेवावे. पुस्तकांच्या खोलीत जायचे असेल तर मात्र आधी घरमालकिणीस विचारावे. तिने काय उत्तर द्यावे, ते मी लिहीत नाही.

वरील मजकूर माझा आहे, कोणी भरवलेला नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या. दोघांसही यातून काही मिळणार नाही.

सही: आकाराम जोतिबा सपकाळ

साक्षीदार:
१. नानासो यशवंत घोरपडे, निवृत्त सुभेदार, सातारा
२. गोपाळकृष्ण विष्णू गाडगीळ, शाळामास्तर, वाई

मुक्काम सातारा, तारीख १४ डिसेंबर १९४७