तळाचा वास

५ नोव्हेंबर
नवी जागा, म्हणून नवी वही. महाळुंग्यात कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर खोली मिळाली. पूर्वेला खिडकी आहे. संत तुकाराम नगरची खोली सोडताना सामान निघालं ते एक ट्रंक, गॅस आणि पुस्तकांची दोन पोती. टेम्पोवाल्यानं विचारलं, मावशी, विटा भरल्यात का. म्हटलं, हो, वाचायच्या विटा. तो खोलीपर्यंत हसत होता.

काम अत्तराच्या कारखान्यात. नावाजलेल्या महागड्या परदेशी अत्तरांचा ओळखीचा वास घेऊन आमच्याकडे तो जास्त दाट, जास्त टिकाऊ करतात. साधं अत्तर तीन तासांत उडतं, आमचं बारा तास राहतं. प्रयोगशाळेच्या विजयश्री मॅडमनी नाव विचारलं. कस्तुरा म्हटल्यावर म्हणाल्या, मग मुलाखत कशाला घ्यायची, उद्यापासून या. पुष्कळ दिवसांनी हसू आलं.

९ नोव्हेंबर
कामावर गजरा नको, पावडर नको, डोक्याला तेलसुद्धा नको. कागदाची पट्टी अत्तरात बुडवायची, दर तासाला हुंगायची आणि काय वास आला ते तक्त्यात लिहायचं. मॅडमनी नीट समजावलं. वास तीन पायऱ्यांनी येतो. आधी वरचा, तो पाव तासात संपतो. मग मधला. शेवटी तळाचा, तो राहतो. वरचा वास आला की समजायचं, हे आत्ताच लावलंय.

अत्तर तीन आठवडे अंधारात मुरवतात. त्यात एक चिकट द्रव थेंबथेंब घालतात, त्याला सगळ्या बायका ‘टिकवण’ म्हणतात. मला तर हे लोणच्यासारखंच वाटलं.

शेजारच्या खोलीतल्या सुमनताई माझ्याच टेबलावर आहेत. म्हणाल्या, घरी गेल्यावर वरणाचा वास येत न्हाई बघ, आपलं नाकच कंपनीनं ठेवून घेतलंय.

१६ नोव्हेंबर
माझे मालक, किसन, जाऊन दोन वर्षं झाली. चाकणला कारखान्यात प्रेस मशीनवर पहिली शिफ्ट करून येताना चौकात कंटेनरनं गाडी उडवली. जागच्या जागी गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

आदल्या दिवशी घातलेला सदरा खुंटीवर तसाच राहिला होता. तो पिशवीत बांधून ठेवलाय. दर रविवारी पिशवी उघडते, कॉलर नाकाला लावते आणि लगेच बांधते. आज नुसता प्लास्टिकचा वास आला. पुन्हा हुंगून पाहिलं. विहारातल्या वाचनालयात बसून मी वाचायला शिकले, तेव्हा वाटलं होतं, लिहून ठेवलं की सगळं राहतं. वास कसा लिहून ठेवणार?

१९ नोव्हेंबर
मॅडमना विचारलं, ह्यांच्या कॉलरचा वास टिकवता येईल का. वाटलं, हसतील. त्यांनी छोट्या बाटलीत स्पिरिट दिलं आणि दुसरीत टिकवण. म्हणाल्या, अर्धीच कॉलर घाला, अर्धी राहू द्या. आणि चारच थेंब. जास्त झालं तर काय होतं ते आम्हीही पाहिलेलं नाही.

मी अख्खी कॉलर कापली. अर्ध्या माणसाचं काय करू? थेंब मोजताना लोणच्याचं मीठ आठवलं. मिठाला हात आखडला की बुरशी धरते. चमचाभर टिकवण घातली. बाटली ट्रंकेत, पुस्तकांमागे ठेवली.

१० डिसेंबर
एकवीस दिवस झाले. आज सुट्टी घेतली. सकाळी आठला मनगटाला एक थेंब लावला. सवयीनं तासागणिक लिहितेय.

८. साबण, खोबरेल, दाढीनंतरची तुरटी. हे दारात उभे राहिल्यासारखं झालं. खाली बसून रडले, पण बरं वाटलं.
९. प्रेसच्या मशीनचं तेल. खिशातली बडीशेप.
१०. सुमनताई पीठ मागायला आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. विचारलं, पाव्हणं आलंय व्हय? मी नाही म्हणाले. त्या माझ्या पाठीमागे बघत राहिल्या, पीठ न घेताच गेल्या.
१२. तळाचा वास सुरू झाला. डिझेल, तापलेलं रबर.
१. लोखंडासारखा. रक्ताचा. आणि पेरू.

पेरू कुठून आले? हा सदरा तर आदल्या दिवशीचा.

२. पेरू चेंबलेले. उन्हात तापलेले. त्यात ह्यांचा घाम.
३. पेरू आंबले. घाम अजून ताजा.

मेलेल्या माणसाला घाम येत नाही.

११ डिसेंबर
वास उतरला नाही. चोवीस तास झाले.
आमच्या लेकीला, आम्रपालीला फोन केला. अपघाताच्या वेळी तीच पुढे झाली होती. विचारलं, गाडीच्या पिशवीत पेरू होते का. म्हणाली, आई, तुला कुणी सांगितलं? दोन तास पडून होते पप्पा. लोक व्हिडिओ काढत होते. तुला नको सांगायला असं आम्हीच ठरवलं.

तिला रागावले नाही. पेरू मीच मागवले होते. सकाळी डबा देताना.

१३ डिसेंबर
बेसन, चिंच, रॉकेल. मनगट सोललं. वास तसाच.
कामावर गेले तर प्रत्येक पट्टीला हाच. तक्त्यात सगळीकडे घाम लिहिला. मॅडमनी घरी पाठवलं. बाटली कुठे आहे, विचारत होत्या.
बाटली रिकामी आहे. मी एकच थेंब —

१५ डिसेंबर
धूर. राख. नदीचं पाणी. एवढंच.
तळाच्याही खाली काही असतं, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं.

१६ डिसेंबर, दुपार
सकाळी उठले तर काहीच नाही. मनगटाला नाही, खोलीत नाही. पिशवी, उशी, पुस्तकं, सगळं हुंगलं. दोन दिवस धूत होते, आता तोच शोधत —
गेले. आता खरंच गेले.

पावणेचार
सुमनताई दार न वाजवता खिडकीतून बोलल्या. जिन्यात साबणाचा वास हाय, कस्तुरा. कोण आलंय? आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कडी वाजली.

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते.

मलाही येतोय. साबण. खोबरेल. तुरटी.
वरचा वास पावच तास राहतो. वरचा वास आला की समजायचं, आत्ताच —

दाराखालून येतोय. राख नाही, रक्त नाही. घाम नाही.
किती वेळ उभे असतील? मागे दोन तास कुणीच —
नाही. आता ह्यांना ताटकळत नाही ठेवणार.

पेरू. ताजे, देठासकट. मी कडी