खेळ चाकात, हात निर्दोष

सातारा,
६ जानेवारी २०२५

चि. सौ. रेश्मा हिस दादाचे सविरोध आशीर्वाद, वि. वि.

परवा दूरभाषावरील आपला संवाद आरंभीच विसंवादात परिणत झाला आणि तू फोन ठेवलास. पत्रही ठेवून देता येते, परंतु ते उशाशी पडून बोलतच राहते, म्हणून हा मार्ग. आबांनी सीमेवरून पत्रे लिहूनच आपल्याला शिस्त लावली. भांडणही आपण त्याच शिस्तीत करू.

विवाद्य विषय आईचे हात आणि आबांची फियाट. तुझा निर्णय असा की आईचे हात थरथरतात, सबब तिने गाडी चालवू नये. गाडी मिरजेच्या त्या वरातवाल्याला द्यावी, म्हणजे तो तिच्यावर गुलाबाचे जाळे टाकून नवरदेव मिरवील. या निर्णयाला बळकटी यावी म्हणून दिवाळीत किल्ली पर्समध्ये घालून तू ती सांगलीला विश्रामबागेत नेलीस. हा निर्णय मी, संस्कृतचा अध्यापक आणि घरातला सर्वमान्य निरुपयोगी पुरुष, समूळ फेटाळीत आहे.

काल वडूजला आईकडे गेलो. फियाट शेळ्यांच्या गोठ्याशेजारी उभी आहे. टपावर एक करडू ध्यानस्थ होते. त्यास वंदन करून चालकाच्या आसनावर अधिष्ठित झालो. चाक डावीकडे फिरवले. चांगले चार बोटे फिरले, पण पुढची टायरे समाधीतून उठली नाहीत. उजवीकडे फिरवले, तरी तेच. शिवाय समग्र चाक वरखाली डुलत होते, जणू माझे प्रत्येक म्हणणे त्याला मान्य आहे. असा अनुभव मला आमच्या महाविद्यालयात कधी आलेला नाही.

जोतीराम मिस्त्रीला बोलावले. सुकाणुस्तंभात काही वैगुण्य आहे काय, असे मी विचारले तेव्हा त्याने मला आधी पाणी हवे का ते विचारले. मग वाकून पाहिले आणि स्टीअरिंगला प्ले आलाय, म्हणजे ढिलेपणा, म्हणाला. दांड्याला धरून ठेवणारे बुश झिजून गेले आहे आणि खालच्या बॉक्समधले दातेही सैल झाले आहेत. आई ओट्यावर वाल सोलत होती. तिथूनच तिने सांगितले की हे तिला केव्हाचे ठाऊक आहे. सरळ रस्त्यावरसुद्धा चाक सारखे डावे-उजवे करत राहिले नाही, तर गाडी आपल्या मनाने शिवारात शिरते.

रेश्मा, ज्याला तू कंप म्हणतेस ते हे डावे-उजवे आहे. तो व्याधी नसून विद्या आहे. किल्ली परत पाठव. मी स्वहस्ते हा प्ले नष्ट करणार आहे.

विश्वजीतरावांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी झाला असल्यास तसे कळवावे, म्हणजे कशामुळे ते आठवून मी ते पुन्हा करीन.

तुझा बंडखोर अग्रज,
वीरधवल


विश्रामबाग, सांगली
१० जानेवारी २०२५

ती. दादास रेश्माचा शि. सा. न. (साष्टांग नाही, कंबर दुखते.)

पत्र मिळाले. शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. विश्वजीत म्हणाले की एवढे बंड इंग्रजांविरुद्ध केले असते तर तुझ्या नावाने सातारला चौक झाला असता.

दादा, चेष्टा पुरे. दिवाळीत त्या गाडीत मी बसले होते, तू नव्हतास. औंधच्या रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली आणि आईचे दोन्ही हात चाकावर असे हलत होते जशी काही ती सूप पाखडते आहे. पुढच्या क्षणी आम्ही चरात. ट्रॅक्टर लावून लोकांनी बाहेर काढले. आई हसत होती. घरी आल्याबरोबर मी किल्ली पर्समध्ये घातली.

मी रोज लोकांचे हातपाय तपासते. फिजिओथेरपी हा माझा धंदा आहे. तरी मी माझ्या डोळ्यांवर विसंबले नाही, तिलाच सरळ विचारले, आई, हातांना काय होतंय. ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "हातात लय खेळ लागतोय गं." याहून स्पष्ट कबुली कोणती हवी? तिने मान्य केले आहे आणि तू तिचा वकील होऊन नाकारतो आहेस.

तिला इकडे मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचे मी ठरवले आहे. मला तिच्याकडून गाडी काढून घ्यायची हौस नाही. आबा पठाणकोटला असताना ती आपल्या दोघांना मागे घालून दहिवडीच्या बाजाराला न्यायची, ते मला तुझ्याएवढेच आठवते. पण चरात पाणी असते तर? ट्रॉली एक हात अलीकडे असती तर? या प्रश्नांना तुझ्या संस्कृतात उत्तर असेल तर लिही.

किल्ली एसटीतून पाठवते आहे. अट एकच. दुरुस्ती कर, हौस भागव, पण चालवायची तूच. आईने चाकाला हात लावायचा नाही.

वहिनींना नमस्कार. तुझ्यावर लोभ आहे, पण तुझ्या मेकॅनिकपणावर काडीचा नाही.

रेश्मा


सातारा,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. रेश्मा हिस दादाचे विजयी आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील एका वाक्यावर मी तीन तास वर्गात शिकवू शकेन. सुदैवाने विद्यार्थी नसतात. "हातात लय खेळ लागतोय." भगिनी, व्याकरण पाहा. 'हातात' हे अधिकरण आहे. ज्या जागी क्रिया घडते ती जागा. खेळ करणारा कर्ता दुसराच आहे आणि तो कर्ता म्हणजे चाक. प्ले या शब्दाला आपल्याकडचे जुने मिस्त्री खेळच म्हणत, आणि आबा सैन्यातून येऊन याच भाषेत आईला गाडी शिकवीत. हात थरथरतात असे तिला म्हणायचे असते तर ती 'हात लटलटत्यात' म्हणाली असती. तिने गाडीचे दुखणे सांगितले आणि तू ते तिच्या नावावर लिहून घेतलेस. रोगी एक आणि औषध दुसऱ्याला. एका विभक्तीपायी आपण आईला मेंदूच्या डॉक्टरकडे नेत होतो.

मी तिला खातरजमेसाठी पुन्हा विचारले. ती म्हणाली, मग दुसरं काय बोलली होते मी, आणि वर हेही म्हणाली की सांगलीला राहून पोरीची भाषा बिघडली.

आता पराक्रम ऐक. तयार बुश कुठेच मिळाले नाही, म्हणून झिजलेले काढून सातारच्या एका लेथवर त्याच मापाचे नवे पितळी करून घेतले. ते बसवण्यासाठी चाक उतरवावे लागते. चाकाच्या मधला नट आबांच्या काळापासून तिथे ध्रुवासारखा अढळ होता. जोतीरामने घाव घातले, मी मंत्र म्हटले. श्रेयाची वाटणी समसमान. नवे बुश बसताच चाकाचे डुलणे थांबले आणि त्याला स्वतःचे मत आले.

राहिला खालचा बॉक्स. त्यावर एक स्क्रू असतो. तो आवळत जावे तसा दात्यांमधला खेळ कमी होतो. जोतीराम काही वेळाने आता राहू द्या म्हणाला. परंतु अर्धवट विजय हा पराजयाचा चुलतभाऊ होय. मी पाना त्याच्या हातून घेऊन आणखी पीळ दिला आणि प्ले निःशेष केला. आता चाक केसभर हलवले तरी टायरे आज्ञाधारक पुत्राप्रमाणे वळतात.

तुझ्या अटीचे पालन करून वेशीपर्यंत मीच चालवली. परतताना शेजारच्या आसनावरून आईने मला विचारले, मी पाहुणा म्हणून आलोय की ड्रायव्हर म्हणून. तिने स्वतः चाकाला हात लावला नाही. फक्त बॉनेटवरची धूळ पदराने पुसली. हे तुझ्या अटीत बसते काय, ते तूच ठरव.

मी पुन्हा सांगतो, गाडी विकली जाणार नाही. वरातवाल्याला माझा निरोप दे की नवरदेवांनी घोड्यावर बसावे, पडण्याची सवय लग्नाआधीच झालेली बरी.

विजयाच्या भरात लोभाचे मागणे राहिले. ते मागितले असे समजून देऊन टाकावे.

प्लेहर्ता,
वीरधवल


विश्रामबाग, सांगली
२३ जानेवारी २०२५

ती. दादास नमस्कार, आणि आज चेष्टा नाही.

आईच्या शेजारच्या सोनियाचा फोन आला होता. तू किल्ली घरीच ठेवून सातारला परतलास त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने गाडी काढली, आणि गल्लीतून वळताना कांद्याच्या चाळीच्या खांबावर घातली. चाळ अर्धी खाली बसली. आईला खरचटलेसुद्धा नाही, हे दैव. तुला सोनियाने कळवले नाही, कारण आईने तिला गप्प बसवले होते.

प्ले निःशेष झाला होता ना? मग खांबाला धडक कुणी दिली, अधिकरणाने?

मी तुझे व्याकरण मान्य केले होते. खरे सांगते, दोन दिवस मला झोप नव्हती, की मी आईला उगाच आजारी ठरवले. आता गाडी धडधाकट आहे आणि तरी ती धडकली. म्हणजे बिघाड कुठे उरला, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

पुढच्या रविवारी, २ तारखेला, मी आणि विश्वजीत येतो. सोबत मिरजेचे गृहस्थ असतील. ते गाडी नेतील, मी आईला नेईन. तू मध्ये पडू नकोस. आईला मी वेगळे पत्र टाकले आहे.

लोभाचे नंतर बघू.

रेश्मा


वडूज,
२८ जानेवारी २०२५

चि. रेश्मा हिला आईचा आशीर्वाद. जावईबापूंना पण सांग.

इकडं समदं बरं हाय. शेळीला दोन करडं झाली. कांद्याची चाळ पुन्हा उभी केली, पैला खांब वाळवीनं खाल्लेलाच हुता. तुला फोन केला तर तू माझं वाक्य मोडून मधीच बोलतीस, म्हणून लिवती. शिक्षण सातवीपातूरच हाय, चुका काढू नगो. त्यो उद्योग तुझ्या भावाला असू दे.

आता खांबाचं ऐक. मी गल्लीतनं वळले. वळल्यावर चाक जरा सैल सोडायचं, म्हंजी ती आपसूक सरळ हुतं. असं मला तुझ्या आबांनी शिकवलं आन इतकी वर्सं तसंच झालं. त्या दिवशी चाक सोडलं तर ती हाय तिथंच. वळलं ती वळलंच. मी सरळ करंपातूर खांब आला. म्हंजी तुझ्या दादानं स्क्रू इतका पिळला की चाक जाम झालं. जोतीराम नगो म्हणत हुता तरी पिळला. त्येला समदं निःशेष लागतं.

दुसरं पण हाय, ती माझं. सरळ रस्त्याला सुदीक माझं हात डावं-उजवं करायचं थांबत न्हवतं. गाडी नीट झाली हुती, हातांस्नी कुणी सांगितलंच न्हाई. म्हणून गाडी नागावानी चालली. तू बघितलं असतंस तर परत म्हणली असतीस की आई लटलटती. तर ती तसं न्हाई.

मी कुणाला काय बोलले न्हाई. परवा रविवारी वीरधवल आला तवा त्येला बॉनेटात वाकवला, मी वर चाकावर बसले. त्येला म्हणलं, नट ढिला कर, स्क्रू जरा जरा मागं घे, मी बास म्हणंपातूर. त्यो घेत गेला, मी चाक वळवून सोडून बघत गेले. त्यो खालनं विचारायला लागला, किती प्ले ठेवायचा आये, शास्त्र काय म्हणतं. मी म्हणलं, शास्त्र खड्ड्यात गेलं, माझ्या हाताला इचार. चाक आपसूक परत यायला लागलं तवा बास म्हणलं. बोटभर खेळ ऱ्हायला. तेवढा लागतो. अजाबात नसला तर वळणावर माणूस मरंल.

मग दोन दीस सकाळी शाळा भरायच्या आधी शाळंच्या मैदानात चकरा मारल्या. हातांस्नी म्हणलं, आता गप बसा. आज औंधच्या रस्त्यानं गेले, तू चरात बसलीस त्याच. समोरनं उसाची ट्रॉली आली. हात चाकावर ठेवलं तसं ऱ्हायलं. वीरधवल शेजारी बसला हुता, त्येनं डोळं मिटलं हुतं, त्येचं काय सांगू.

तुझं भ्या मला कळतंय. तू माझी लेक हायस, तू भ्यायचीसच. मी डॉक्टरकडं येणार, तुला झोप लागावी म्हणून. त्यो म्हणला की हात बिघडलं, तर किल्ली मी माझ्या हातानं तुझ्या पर्समधी घालीन, कुणी मागायची गरज न्हाई. पर गाडीचं दुखणं माझ्या अंगावर लिवू देणार न्हाई. आन मिरजेच्या माणसाला रविवारी इकडं आणू नगो. आणलंस तर त्येला च्या पाजून एसटीत बसवून दीन.

शनिवारी मीच येती सांगलीला, विटा-तासगावनं. गाडी मीच आणणार. वीरधवलला मागं बसवती, बडबडतो लय. पुढची जागा तुझी. तासगावच्या स्टँडवर येऊन थांब, तिथनं माझ्यासंगं बस आन घरापातूर माझ्या हाताकडं बघत ऱ्हा. डॉक्टरच्या आधी तूच तपास. रोज परक्यांचं हात तपासतीस, आईचं एकदा शेजारी बसून तपासलंस तर काय बिघडलं?

माया हाय तेवढीच हाय, किल्ली नेलीस तवा पण तेवढीच हुती.

तुझी आई,
अंजना

ता. क. ब्रेक दाबायला तुझ्या पायाखाली काय बी न्हाई, ती ध्यानात ठेव.