आज्याची पेटी आणि एक्केचाळीस नंबरचा फोटो

मी, यशोधरा कल्याण भिंगारदिवे, वय ७१, अविवाहित, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त परिचर, राहणार शेवगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर आहे, चष्मा पुसलेला आहे, शेजारी बसून कोणी सांगत नाही. पुढच्या मंगळवारी नगरला माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. तरी आवराआवर करून निघालेलं बरं.

१. घर. आमच्या घराच्या मधोमध भिंत आहे. पलीकडे धाकटा भाऊ गोरक्ष राहतो. माझी बाजू त्याची सून रेश्मा हिच्या एकटीच्या नावे करावी. आम्हा बहीणभावांचं नऊ वर्षं बोलणं बंद होतं. तेवढी वर्षं निरोप तिनेच पोचवले, आणि त्यातल्या शिव्या वाटेत गाळल्या.

२. बँकेतली ठेव. आधी अंत्यविधी. बुद्धवंदना व्हावी, मंडप आणि लाऊडस्पीकर नको. उरेल ते रेश्माच्या मुलीच्या शिक्षणाला.

३. माझे ब्रश, घडी बसवायची हाडाची पट्टी आणि कागद दाबायच्या दोन विटा बुकबाइंडर मेहताबला द्याव्यात. कागद दुरुस्त करायला मी तिच्या वडिलांकडून, गनीभाईंकडून शिकले.

४. आज्याची पत्र्याची पेटी. माझा आजा लहानू दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या ट्रकवर इटलीत होता. परत आल्यावर लढाईबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. पेटीत त्याची पत्रं, पगाराचं पुस्तक, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. निवृत्त झाल्यावर मी ती लावायला घेतली. गंजक्या टाचण्या काढल्या, घड्या उलगडल्या, तारखा जुळवल्या, प्रत्येक वस्तूला पेन्सिलीने नंबर दिला आणि यादी केली. त्रेसष्ट नंबर झाले. ही पेटी गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी. लॅमिनेशन करू नये. ज्या प्राध्यापकांनी सहा पत्रं "चार दिवसांसाठी" नेली आणि दोन वर्षांनी बॉलपेनच्या रेघा मारून परत केली, त्यांना फक्त झेरॉक्स दाखवावी. नाव लिहीत नाही, ते ओळखतील.

५. नंबर एक्केचाळीस. हा एक फोटो आहे. परक्या मुलखातली बाई दारात उभी आहे, कडेवर मूल. आई वारली त्या वर्षी गोरक्षने तो पाहिला.

"आज्याचं लफडं हाय हे. जाळून टाक."

"यादीत नंबर पडलाय. आता जळायचा नाही," मी म्हणाले, आणि वर त्याला अडाणी म्हणाले. तिथून बोलणं बंद. तो शब्द मी इथे लेखी मागे घेते. खरं सांगायचं तर मलाही तोच संशय होता. त्या बाईचं नाव सापडतं का म्हणून मी सगळी पत्रं दोनदा वाचली होती. सापडलं नाही.

गेल्या महिन्यात फोटोमागच्या पुठ्ठ्याला कसर लागलेली दिसली. ओलीने तो फोटोला घट्ट चिकटला होता. मेहताबने सबंध दुपार घालवून तो अलगद सोडवला. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीची मोठाली, वाकडी अक्षरं होती. म्हातारपणी साक्षरता वर्गात शिकलेल्या आमच्या आजीची:

"ह्या बाईनी आमच्या मानसाला तापात जेवू घातलं. फोटो संभाळावा. सुमनबाई."

मी तशीच घरी आले आणि नऊ वर्षांनी गोरक्षच्या दारात गेले. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"आजीचं अक्षर हाय," तो म्हणाला. मग फोटो उलटून पाहत, "म्हंजे आज्यानं तिला सांगितलं हुतं."

"हो."

"आन आपन इतकी वर्षं…" तो आत वळून रेश्माला म्हणाला, "आक्काला चहा टाक. साखर घालू नको, तिचं ऑपरेशन हाय."

ऑपरेशनचं मी त्याला कळवलं नव्हतं. रेश्माने हाही निरोप पोचवला होता, मी न देताच.

संग्रह फोडू नये, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी तो मोडत आहे. नंबर एक्केचाळीस गोरक्षला द्यावा. वाचनालयाच्या यादीत त्या जागी एवढंच लिहावं: "घरी आहे."

ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीला बसू नये, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून गोरक्ष बाहेर ओट्यावर आहे. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: यशोधरा कल्याण भिंगारदिवे

साक्षीदार:
१. डॉ. पंकजा घुले, शेवगाव
२. जालिंदर साळवे, शेजारी

शेवगाव, जि. अहिल्यानगर
२१ नोव्हेंबर २०२५